मावशींचा मुढा

जयपुरातली सगळी मराठी मंडळी मिळून जेवढं खोटं बोलायची, तेवढं खरं आमच्या मावशी एकट्या बोलत. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती, इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या आणि अगदी एकट्या. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. विद्याधरनगर नुकतं वसत होतं, घरं कमी आणि धूळ फार. मी कॉलेजात शिकवायचो आणि त्यांच्या समोरच राहायचो. रविवारी उपासनेहून परतल्या की त्या मला चहाला बोलवत आणि दारातच ख्रिस्ती रिवाजानं "सलाम" म्हणत.

त्यांचं म्हणणं एवढंच, की ख्रिस्ती माणसानं खोटं बोलू नये आणि खरं बोलताना माया सोडू नये. ऐकायला सोपं आहे, करून बघावं. गणेशोत्सवात एका कर्नलीणबाईंनी गाणं म्हटलं. सगळ्यांनी वा वा केली. मावशींना विचारलं, तर त्या बराच वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "सगळी कडवी पाठ होती तुमची." माझ्या हातची भाजी खाऊन त्यांनी पातेलं किती लख्ख घासलंय याचं मनापासून कौतुक केलं होतं.

पण खरी पंचाईत चहाच्या वेळी व्हायची. समोर नसलेल्या माणसाचा विषय निघाला की मावशी उठत, कोपऱ्यातला बुटका वेताचा मुढा ओढून मध्ये ठेवत, त्यावरची सांगानेरी छापाची उशी झटकत आणि म्हणत, "बसल्या त्या. आता बोला." मग कुणाचीच जीभ रेटेना. चुगलीशिवाय नुसता चहा किती जणांना गोड लागणार? हळूहळू लोक यायचे थांबले. उरलो मी आणि शेजारच्या साताऱ्याच्या काकू. काकूंचा मात्र मावशींवर भारी जीव. दोघी मधलं फाटक उघडं टाकून रोज एकत्र भाजी निवडत.

काकूंच्या मुलाचं लग्न जमत आलं. मुलीचे वडील अजमेरहून चौकशीला आले, तेव्हा काकूंनीच त्यांना मावशींकडे धाडलं, कारण मावशींच्या शब्दाला वजन होतं. मी तिथंच होतो. मुलगा पितो का, असं त्यांनी विचारलं. मावशींनी पदर सारखा केला.

"शनिवारी पितो. आणि आई आजारी होती तेव्हा तिचं सगळं त्यानंच केलं. मुलीला दोन्ही सांगा."

त्या गृहस्थांनी घरी जाऊन एकच सांगितलं असावं. लग्न मोडलं आणि फाटकाला कडी लागली. मावशी जाऊन आल्या, पण काकूंनी दार उघडलं नाही. तरी मावशी चहा टाकताना त्यांच्या वाटचं दूध घालतच राहिल्या.

एका रविवारी मला राहवलं नाही. काकूंना माणसाची किंमत नाही, अशी मी सुरुवात केली. मावशी उठल्या आणि त्यांनी मुढा मध्ये ओढला. पण नेहमीचं वाक्य काही आलं नाही. त्या रिकाम्या मुढ्याकडे बघत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही येत नाही, तर चहा उरतो हो."

पुढे त्या नगरला भाचीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. मुढा जातानाच मला देऊन गेल्या होत्या. अजून कधी फार एकटं वाटलं की मी तो मध्ये ओढतो आणि दोन्ही सांगून टाकतो. मावशी, तुमचा चहा अगदी पाणचट असायचा. आणि तुमच्यामागे मला कुणी चहाला बोलावलं नाही.