वादळ चेन्नईला, पोती राजाजीनगरात

जगबुडी कधी आलीच, तर आमच्या मामेसासऱ्यांना आधी कळवल्याशिवाय येण्याची तिची छाती होणार नाही. आणि आली तरी फजिती तिचीच व्हायची, कारण मामा तोवर मेणबत्त्या, भाजलेले शेंगदाणे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि गल्लीतल्या समस्त शेजाऱ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन गच्चीवर बसलेले असतील, आणि उशीर का केलास म्हणून तिलाच फैलावर घेतील.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे मामा. बेंगळुरूच्या राजाजीनगरात त्यांचं दुमजली घर आहे. धाकट्या मामी गेल्या, मुलगी कॅनडात, म्हणून खाली ते एकटे आणि वर आम्ही. पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा 'दोन महिने राहू, मग आपलं बघू' असं ठरलं होतं. त्याला आता सहा वर्षं होतील. मामांची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत गेली. यंत्र बिघडायची वाट बघायची नाही, चालू असतानाच उघडून बघायचं, ही त्यांची कामाची पद्धत. रिटायर झाल्यावर यंत्रं संपली, मग ते माणसं उघडून बघायला लागले. माझी खोकल्याची पहिली ढास ऐकू आली की काढ्याचं पातेलं जिना चढू लागतं. पुण्याची गाडी यशवंतपूरहून सुटायची असेल तर मामा आम्हाला इतक्या लवकर स्टेशनावर नेऊन बसवतात की आमच्या आधीच्या गाडीचे लोक आमच्याकडे संशयाने बघतात. पण कळस म्हणजे त्यांच्या मुलीचं लग्न. त्या लग्नात त्यांनी एक भटजी राखीव ठेवला होता. मुख्य भटजींना चक्कर आली तर काय, हा प्रश्न. राखीव भटजींना आधी जेवू घातलं, म्हणजे ऐन वेळी ते भुकेले नकोत, आणि ते बिचारे कोपऱ्यात ढेकर देत, मुख्य भटजींच्या प्रकृतीकडे डोळे लावून बसले होते. मुख्य भटजी मंगलाष्टकं घाईघाईने म्हणाले, असं अजून नातेवाईक सांगतात.

अशा माणसाच्या हातात हवामानाचा नकाशा दाखवणारा मोबाईल द्यायला नको होता. तो आम्हीच वाढदिवसाला दिला. मार्गशीर्ष लागला आणि बंगालच्या उपसागरात वादळ तयार व्हायला लागलं. ते चेन्नईच्या आसपास किनाऱ्याला लागणार अशी बातमी आली आणि मामांचा चेहराच बदलला. कारण चेन्नईत त्यांच्या वहिनी राहतात, आमच्या थोरल्या मामी. वय चौऱ्याऐंशी, मूलबाळ नाही, थोरले मामा कधीच गेलेले, घर तळमजल्यावर आणि समुद्र पलीकडच्या गल्लीत. त्यातून घरात खंडोबाचं नवरात्र बसलेलं. प्रतिपदेला घट बसला की चंपाषष्ठीला तळी भरेपर्यंत समई विझू द्यायची नाही, घट हलवायचा नाही आणि घराला कुलूप लावायचं नाही. मामींनी तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्या दिवसांत उंबरासुद्धा ओलांडलेला नाही. बरं, दोघे भाऊ दोन शहरांत राहिले तरी या घराण्यात देव काही वेगळे केलेले नाहीत. टाक थोरल्याकडे, घट थोरल्याकडे, आणि धाकट्याने चंपाषष्ठीला चेन्नईला जाऊन तळी उचलायची. धाकट्याच्या घरी घट बसला म्हणजे थोरल्याचं घर मिटलं, असा त्याचा अर्थ. म्हणून मामा दर वर्षी न चुकता जातात, अर्थात दोन दिवस आधी.

मामी येणार नाहीत आणि मामांना चैन पडणार नाही, म्हणजे भोगायचं कोणी? आम्ही. चेन्नईचं घर काही त्यांच्या हाती लागेना, मग त्यांनी सगळी तयारी राजाजीनगरात करायला घेतली. पहिल्याच सकाळी पोर्चमध्ये गल्लीची सभा भरवली. समोरचे रिटायर्ड बँक मॅनेजर, शेजारच्या पीजीतली मुलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या अक्का, सगळ्यांना खुर्च्या आणि फिल्टर कॉफी. मामांनी कन्नडमध्ये भाषण केलं. मॅनेजरसाहेब सज्जन गृहस्थ. ते हळूच म्हणाले, की सार, समुद्र इथून कितीतरी लांब आहे, आणि शिवाय आपण त्याच्या तीन हजार फूट वर आहोत. मामा म्हणाले, पाणी खाली राहतं, वारा वर येतो. सगळ्यांनी बादल्या भरून ठेवायचं कबूल केलं आणि कॉफी पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मामा यशवंतपूरच्या बाजारातून रिकामी पोती घेऊन आले. मागच्या गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथून वाळू मागून आणली आणि फाटकापाशी पोत्यांची चांगली मांडीइतकी भिंत रचली. मी ऑफिसला जाताना स्कूटर त्या भिंतीवरून कशी न्यायची, हा विचार त्यात नव्हता. 'स्वल्प घरूनच काम कर ना,' असं मला अर्ध्या कन्नडात सुचवण्यात आलं. बरं म्हटलं. तर मी घरून अमेरिकेतल्या क्लायंटशी मीटिंगमध्ये बोलत असताना माझ्या पाठीमागच्या खिडकीत शिडीवरून मामा उगवले आणि काचेवर खाकी चिकटपट्टीची मोठी फुली मारू लागले. क्लायंट राहतो नेमका तिकडच्या वादळांच्या किनाऱ्यावर. त्याने हे कोण विचारलं, मी खजील होऊन सांगितलं. मला वाटलं हसेल. छे, तो गंभीर झाला. चिकटपट्टीचा काही उपयोग नसतो, आम्ही तर प्लायवूड ठोकतो, म्हणाला. हे माझ्या तोंडून मामांना कळलं, ही माझी चूक. दुपारी ते इथल्या शिवाजीनगरहून प्लायवूडच्या फळ्या घेऊन रिक्षातून उतरले. संध्याकाळपर्यंत आमच्या खिडक्या बंद. बाहेर लख्ख ऊन, आत आम्ही ट्यूबलाइट लावून बसलेलो. नवऱ्याला म्हटलं, तुझे मामा आहेत, तू बोल. तो म्हणाला, लहानपणापासून बोलतोय.

मी चिडले होते, हे लपवत नाही. पण खालून दिवसभर फोन ऐकू यायचा, स्पीकरवर, आणि तो ऐकल्यावर नीट चिडताही येत नसे. मामा वारा किती, लाटा किती ते सांगत. मामी विचारत, भाऊजी, तुम्ही जेवलात का? मामी लग्न होऊन आल्या तेव्हा मामा अर्ध्या चड्डीत होते. तेव्हापासून त्या त्यांना भाऊजी आणि तुम्ही म्हणतात, आणि त्याच अदबीने त्यांचं एकही ऐकत नाहीत. शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर जा म्हटलं, तर समई कोण बघेल? शेजाऱ्यांनाच खाली बोलवा म्हटलं, तर शेजारी आपल्या लेकीकडे गावाला निघून गेलेले. वादळ जसजसं जवळ आलं तसतसा मामांचा आवाज चढत गेला आणि मग एकदम खाली आला. त्या दिवशी मी काढ्याचं पातेलं परत द्यायला खाली गेले होते, म्हणून पुढचं मी समोर ऐकलं. मामा म्हणाले, 'वहिनी, मी इथे समई लावतो. इथे घट मांडतो. मग तिथली विझली तरी खंड पडला असं होणार नाही. तुम्ही फक्त निघा.'

 मग मामी अगदी शांतपणे म्हणाल्या, 'देव वेगळे करायचे असतील तर मी गेल्यावर करा, भाऊजी.'

मामांनी फोन ठेवला. मला म्हणाले, भलतंच बोललो मी. आणि आत जाऊन बॅग भरायला लागले. गाड्या रद्द व्हायला लागल्या होत्या, म्हणून टॅक्सीने जाणार, आणि रिकामी पोती बरोबर नेणार, वाळू तिकडे समुद्रावर आयतीच आहे म्हणाले. पंचाहत्तरी उलटलेला, हृदयात स्टेंट बसवलेला माणूस, लोक जिथून बाहेर पडतायत तिथे निघालाय. नवरा समजावून थकला. माझा संताप संताप झाला. मी वर येऊन सरळ मामींना फोन लावला. म्हटलं, मामी, तुम्ही येत नसाल तर नका येऊ, पण तुमचे भाऊजी पोती घेऊन निघालेत, आणि ते तिथे पोचले तर वादळात तुमच्या दारात भिंत रचत उभे राहतील, तुम्हाला ठाऊक आहेत ते. मामींनी एक मोठा सुस्कारा सोडला. म्हणाल्या, 'तो निघालाय?' मामांना 'तो' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाल्या, त्याला थांबव, मी येते, पण देवाला घेऊन.

मग मामांमधला इंजिनियर जागा झाला, आणि कबूल करायला हवं, की त्या दिवशी त्यांचा मला अभिमान वाटला. जळती समई गाडीतून न्यायची कशी? मामांनी व्हिडिओ कॉलवर मामींकडून मोठा प्रेशर कुकर काढवला, तळाशी वाळू घालायला लावली, त्यात छोटी समई रोवली, तेल किती, वात केवढी, सगळं ठरवलं. गाडीचा एसी बंद, काच दोन बोटं खाली. ड्रायव्हर देवभक्त निघाला, त्याने चपला काढून गाडी चालवली. वाटेत मामा त्याला इतके फोन करत होते की शेवटी त्याने फोन मामींकडे दिला आणि मामींनी तो बंद करून टाकला. मग मात्र मामांची जी तगमग झाली ती बघवत नव्हती. फाटकापाशी आपल्याच पोत्यांवर बसून राहिले. जेवले नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही.

दिवेलागणीला गाडी आली. मामी मागच्या सीटवर मांडीत घट धरून ताठ बसलेल्या, पायांशी कुकर, कुकरात समई तेवत होती. मामांनी आधी समई बघितली, मग वहिनींना बघितलं, आणि एवढंच विचारू शकले, की घट हलवला त्याचं काय? मामी म्हणाल्या, 'मी कुठे हलवला? माझ्या मांडीत तो जागचा हलला नाही. हलली ती गाडी.' मामांनी यावर इंजिनियरसारखा विचार केला आणि बरोबर आहे म्हणाले.

वादळ शेवटी बरंच निवळून वर सरकलं. मामींच्या गल्लीत नुसता पाऊस पडला. बेंगळुरूतही पडला, नेहमीसारखा रिपरिप, आणि सगळ्यांच्या दारातलं पाणी उतारावरून वाहून गेलं. साचलं ते एकट्या आमच्याकडे, कारण बाहेर जायची वाट पोत्यांनी बंद केली होती. पोर्चमध्ये घोटाभर पाणी, माझी स्कूटर त्यात. मामा वरून बघून समाधानाने म्हणाले, पाणी येणार म्हणून मी सांगतच होतो. 

चंपाषष्ठीला तळी उचलायला माणसं पुरेनात, म्हणून मामांनी मॅनेजरसाहेब आणि पीजीतली दोन मुलं बोलावली. मॅनेजरसाहेबांचं कुलदैवत मैलारचं, म्हणजे खंडोबाच, निघालं. त्यांनी तळी उचलताना असा काही येळकोट केला की आमचे सगळ्यांचे आवाज त्यात बुडाले. भरीत-रोडगा झाला. मामींच्या कपाळाला भंडारा, चेहरा थकलेला, पण प्रसन्न. मामा इतके खुशीत होते, की प्लायवूड काढायला स्वतःच शिडी लावली.

दुसऱ्या दिवशी मामींच्या परतीची टॅक्सी ठरवायला मी खाली गेले, तर मामी देवघरासमोर बसल्या होत्या, मामा बाजूला उभे. टाक पुसून मामांच्या देवघरात मांडलेले. म्हणाल्या, 'देव आता इथेच राहू देत, भाऊजी. गाडीत सगळा वेळ माझे हात कापत होते. पुढच्या वर्षी माझ्याच्याने व्हायचं नाही.'

आणि मामांनी काय करावं? ते भांडायला लागले. आठवडाभर ज्या चेन्नईतून निघा म्हणून घसा कोरडा केला, त्याच चेन्नईचे गुण गायला लागले. हवा निवळली आहे, घर भक्कम आहे, पाणी शिरलंसुद्धा नाही, सोबतीला बाई ठेवू, समईचं तेल मी येऊन घालीन, हवं तर मार्गशीर्षभर येऊन राहीन. मामी ऐकत होत्या आणि नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी त्या उठल्या, या माणसाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अंघोळीला गेल्या.

मामा माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. मला वाटलं, आता गॅसची नळी तपासतील. ते ओट्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, 'आता काय करायचं गं?'

सहा वर्षांत या माणसाने मला हजार सूचना केल्या असतील, पण कधी काही विचारलं नव्हतं. मी किती वेळा मनात म्हटलं असेल, की एकदा तरी विचारा. आणि आता विचारलं होतं. मी म्हटलं, मामींना मागची खोली नीट करून देऊ. 'सरी, बरं,' म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.