कुंकू लावलेला डोळा

माझ्या बायकोने कुणाची चुगली केली नाही. चुगली मी केली. माकणी गावातल्या आमच्या गल्लीला हे तोंडाने सांगून झालं आहे. तरी लिहून ठेवतो, कारण तोंडी गोष्ट लोक आपापल्या सोयीने सांगतात.

विहिरीवरची मोटार चोरीला गेली तेव्हा सोलापूरला राहणाऱ्या आमच्या मुलाने आमच्या ओट्यावर, दाराच्या वर, कॅमेरा बसवला. लिंबाएवढा. पुढे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी मुलाकडे गेलो तो तिथेच राहिलो आणि ओटा माझ्या फोनमध्ये आला. खंडेनवमीला बायकोने विळा, खुरपं, तराजू, मिक्सर पुजले. शेवटी स्टुलावर चढून कॅमेऱ्यालाही हळदकुंकू लावलं. घरातलं अवजारच ते. तिचं बोट फोनभर झालं आणि त्यानंतर सगळं तांबडं दिसू लागलं. अंगण, ओटा, माणसं. चेहरे ओळखू येईनात. पूजेचं कुंकू म्हणून तिने ते पुसलं नाही.

हिवाळ्यात दुपारी गल्लीतल्या बाया वाकळा शिवायला आमच्या ओट्यावर बसत. आधी कॅमेऱ्याकडे बघून पदर सावरायच्या. आता एक म्हातारी म्हणाली, "बोला गं खुशाल. हिनं त्याचा डोळा बुजवलाय." सगळ्या हसल्या. त्याला कानही आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. चित्र गेलं तसा मी आवाज वाढवला होता.

एके दुपारी बाकीच्या उठून गेल्यावर शेजारची सून मागे राहिली, ते आवाजावरून कळलं. तांबड्या धुक्यात दोन आकार जवळ सरकले.

"मामी, नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय मी. लातूरला जायचंय. घरी माहेरी जाते म्हणून सांगणाराय. तुमच्याशिवाय कुणालाच न्हाय सांगितलं."

"जा," बायको म्हणाली. "मी हाय."

दोन दिवसांनी त्या सुनेच्या सासऱ्याचा फोन आला. माझा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणाला, "सोलापूरकर झालास गड्या, गावातलं काय कळतंय आता तुला?" एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "तुझ्या घरातलं तुझ्याआधी कळतं." आणि सांगून टाकलं.

सुनेला घरातून जाऊ दिलं नाही, तिची परीक्षा हुकली. कुणी सांगितलं म्हणून ती रडून विचारत होती, तेव्हा सासरा म्हणाला, "शेजारच्या ओट्यावरनं कळलं." ते खोटं नव्हतं. पण गल्लीने ते बायकोवर धरलं.

बायकोने मला फोनवर विचारलं, "त्यातनं तुम्हाला ऐकू येतंय का हो?"

"न्हाय. नुसतं दिसतं. तेबी तांबडं."

वाकळ अर्धी राहिली. उन्हाळ्यात गल्लीत शेवया पाळीने होतात, एकेका घरी सगळ्या जमतात. आमच्या पाळीला कुणी आलं नाही. बायकोने एकटीने पीठ मळलं. एका हाताने यंत्राचा दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने शेवया झेलायच्या. तुटत होत्या. मग रिकाम्या ओट्यावर, मान वर न करता, ती म्हणाली, "ऐकताय का?"

सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर, मी श्वास रोखून बसलो.

त्यानंतर रोज दुपारी. कधी जोंधळे पाखडताना, कधी नुसती बसून. "ऐकताय का?" दार वाजवून थांबावं तशी थांबायची. मी फोन बंद करायचो आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा उघडायचो. एकदा फोन सावरताना अंगठा बोलायच्या बटणावर गेला आणि मला खोकला आला. तिकडे माकणीत आमची भिंत खोकली.

ती दचकली नाही. स्टूल आणलं, पदराने कुंकू पुसलं. कितीतरी महिन्यांनी चित्र स्वच्छ झालं आणि त्यात फक्त तिचा डोळा होता, फोनभर. पापणी हलत नव्हती. मग ती उतरली आणि आत गेली.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही. मिळेल त्या एसटीने मी गावी गेलो. शेजारी शेवया चालल्या होत्या, सगळ्या बाया तिथेच. उभ्या उभ्या सांगितलं. दोस्त बाजेवरून उठून आत गेला. म्हातारी म्हणाली, "आम्ही भिंतीला भ्यालो न्हाय, अन् भिंतीतच मामा बसलेले." कुणी हसलं नाही.

सुनेने हात न थांबवता विचारलं, "आमचं बोललेलं आता कुठं असतंय, मामा?"

मुलाला मी तेच विचारलं होतं. कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर, तो म्हणाला. आपण पुसू शकतो, पण तिकडनंही पुसलं गेलं का, ते आपल्याला दिसत नाही. तेच तिला सांगितलं. तिने मान हलवली.

कॅमेरा उतरवला. भोक सिमेंटने बुजवलं. मग आमच्या ओट्यावर शेवयांची पाळी पुन्हा झाली. सगळ्या आल्या, सून बायकोला चिकटून बसली. पण यंत्राची करकर तेवढी ऐकू येत होती. पाणी हवं असलं तरी बोटाने दाखवत होत्या. अधूनमधून एखादी नजर ओल्या सिमेंटकडे जायची आणि तिथून माझ्याकडे.

बायको म्हणाली, "शेताकडं जाऊन या जरा. फोन घिऊन जा."

मी उठलो. गल्लीच्या टोकाशी पोचलो तेव्हा मागे ओट्यावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम हसल्या. काय बोलल्या ते कळलं नाही. मी चालत राहिलो.