वायंडॉटच्या कॅझने न घेतलेली गाडी

कॅझ वॉयटानेकने आयुष्यात कुठल्याच वस्तूची छापील किंमत दिली नाही. दुसरं कुणी मुलांची लग्नं सांगावीत तसं तो हे सांगत असे. वायंडॉटमध्ये ही खोड एकट्या त्याची नव्हती. अमेरिकेतल्या या नदीकाठच्या गावात मोटार शोरूममधून आणतात खरी, पण ती मिळते नात्यातून. बहुतेक घरांतला कुणीतरी मोटार कंपनीत असतो, आणि कंपनी त्याला दरवर्षी नातलगांना वाटायला सवलतीचे मोजके कोड देते. कोड सांगितला की किंमत कामगारांची होते. इथल्या सोयरिकी या कोडवर टिकतात. डोळ्यांसमोर नको असलेले जावई नाताळच्या जेवणाला बोलावले जातात आणि त्यांना दोनदा वाढलं जातं.

कॅझ स्वतः कंपनीत नव्हता. कंपनीला पिस्टन पुरवणाऱ्या एका कारखान्यात त्याने जन्म काढला होता. लग्नघरात आचाऱ्याला असतो तेवढा मान त्याला होता. कोड त्याला कायम दुसऱ्याकडून मागावा लागला. आधी मेव्हण्याकडून, मग मेव्हणा वारल्यावर त्याच्या मुलाकडून, ब्रेंटकडून. मयताच्या दिवशीच मागितला असं लोक म्हणतात. तसं नाही, दुसऱ्या दिवशी.

त्याची बायको लुसिल हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांना अचानक भाव आला होता. कॅझने तिची बुटकी निळी गाडी, घेतली होती त्याहून जास्तीला विकली. शुक्रवारी पोलिश मंडळींच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या जेवणाला सगळे जमतात, तिथे त्याने ही हकिगत टेबलाटेबलावर जाऊन सांगितली. घरी उरला त्याचा ट्रक. त्याची पायरी लुसिलच्या नव्या गुडघ्याच्या आवाक्याबाहेर होती.

"मी आता बर्निसकडे कसं जायचं?" लुसिलने विचारलं. बर्निस तिची बहीण. चार तास उत्तरेला, अल्पीनाला, सरोवराच्या काठी एकटी राहणारी.

"विजेची घेऊ. अगदी जमिनीलगत असते ती. सरकार साडेसात हजार डॉलर देतंय."

"कधी घ्यायची?"

"किंमत जरा पडू दे."

लुसिल तेव्हा हसली. नवऱ्याला ती ओळखून होती, पण पुरती नाही.

शोरूममध्ये ट्रिशा नावाची बाई होती. तिने कॅझला कॉफी दिली आणि वाईट बातमीही.

"मिस्टर वॉयटानेक, सरकार पैसे हातात देत नाही. तुम्ही भरायचा कर तेवढा माफ करतं. तुमचा कर किती होतो?"

कॅझने छाती पुढे काढली. "शून्य. एक सेंट देत नाही मी त्यांना."

"मग माफ काय करायचं त्यांनी?"

ट्रकच्या मागे 'कर म्हणजे चोरी' असा स्टिकर लावून हिंडणारा हा माणूस त्या दिवशी गॅरेजमध्ये बराच वेळ बसून होता. ज्या सरकारला आपण आयुष्यभर थापेबाज म्हणून दारातून हाकललं, त्याच्याकडेच आता जेवायला जायचं होतं, आणि आपलं नाव बोलावण्यात नव्हतं. शेवटी त्याने वाट काढली. म्हातारपणासाठी ठेवलेल्या पुंजीतून एक मोठा घास काढला. अशी काढलेली रक्कम कमाईत धरतात, म्हणून त्या वर्षाचं उत्पन्न वाढलं. उत्पन्न वाढलं की कर लागतो, आणि कर लागला की तो माफ होतो.

"म्हणजे तू खड्डा खणायचास आणि सरकारने येऊन बुजवायचा," एल्मर गोर्स्की म्हणाला. गोर्स्की हा हॉलमधल्या टेबलावरचा जुना सोबती, विधुर. कॅझचं सगळं ऐकून घेणारा एवढाच राहिला होता.

"तुला नाही कळायचं, एल्मर. मी यंदा अमेरिकेचा करदाता आहे."

"देवा! स्टिकर काढ मग."

डिसेंबरात ट्रिशाचा फोन आला. गाडी तयार होती. कर तयार होता. वर्ष संपायच्या आत सही केली की झालं. पण ब्रेंट ज्या पाळीवर गाड्यांत बॅटऱ्या बसवत होता तिथे कुजबुज होती.

"कॅझमामा, जानेवारीत कंपनी किंमत उतरवणार म्हणतात."

कॅझ थांबला. लुसिलने भरून ठेवलेली बॅग पलंगाखाली गेली.

जानेवारीत किंमत उतरली नाही. बदलला तो नियम. ट्रिशाने आनंदाने कळवलं की आता ते साडेसात हजार शोरूममध्येच वजा होतात, तुमचा कर असो वा नसो. "तुमच्यासारख्यांचीच सोय झाली बघा!"

एप्रिलमध्ये कॅझने ओढवून घेतलेल्या, पण गाडी न घेतल्याने माफ न झालेल्या कराचा चेक टपालात टाकला. पेटीचं झाकण त्याने दोनदा उघडून पाहिलं, चुकून परत आला तर. आता गाडीच्या किमतीतून हाही पैसा वसूल व्हायला हवा होता. म्हणजे आणखी थांबणं आलं. लुसिल बहिणीला फोनच्या पडद्यावर बघायची. पडद्यात बर्निस कधी नुसतं कपाळ असायची, कधी नुसती हनुवटी.

आणि त्याच वसंताच्या अखेरीस किंमत खरंच कोसळली. दुसऱ्या कंपन्यांनी पाडली म्हणून हिनेही पाडली. त्या शुक्रवारी हॉलमध्ये कॅझने सगळ्या टेबलाला बिअर पाजली. कपाळावर हात मारत गोर्स्की म्हणाला, "आता जग बुडणार." तेवढ्यात ब्रेंट आत आला. कामाचा कोट अंगावर तसाच होता.

"आमची पाळी बंद केली, मामा. सगळ्यांना घरी पाठवलं."

"का रे?"

"गाडीमागे तोटा होतोय म्हणाले. किंमत पाडली ना."

मासा गार होत होता. कॅझने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट झालं. फारच वाईट झालं, पोरा." मग तो म्हणाला, "आणि कोड?"

"कुठला कोड?"

"सवलतीचा रे."

"माझी नोकरी गेलीय, मामा."

"ते कळलं मला. पण महिनाअखेरपर्यंत तरी चालत असेल ना?"

ब्रेंटने त्याच्यासमोरची बिअर उचलली, उभ्याने संपवली आणि ग्लास उपडा ठेवला. "ओळखपत्राबरोबर गेटवरच घेतला काढून." तो निघून गेला. पुढे तो दूर तेनेसी राज्यात कुठल्याशा गोदामात लागला. नाताळला त्याला बोलावलं नाही. दोनदा वाढावं असं आता त्याच्याकडे काही नव्हतं.

कॅझला मनापासून दुःख झालं होतं. कशाचं, ते लुसिलने विचारलं नाही. कोड नाही म्हणजे परक्याच्या किमतीने गाडी घेणं, आणि कॅझचा हात ते करायला धजेना. वर्ष गेलं. मग वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला, की सप्टेंबरअखेर ते साडेसात हजारही बंद.

गावातले लोक शोरूमवर तुटून पडले. घासाघीस संपली. मागाल ती गाडी नव्हती, सांगतील ती किंमत होती. शेवटच्या दिवसांत कॅझ गेला तेव्हा ट्रिशाने त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

"एक राहिलीय, पांढरी. आज सही करा. परवा हे सगळं संपतंय."

"संपू दे," कॅझ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खूप वर्षांनी चमक आली होती. "संपलं की तुमच्या गाड्यांकडे कुत्रं फिरकणार नाही. मग कंपनीच साडेसात हजार कमी करील स्वतःच्या खिशातून. मला येऊन सांगा तेव्हा."

तो विजयी मुद्रेने घरी आला. दारात गोर्स्कीच्या दिवंगत बायकोची बदामी गाडी उभी होती. जुनी, पेट्रोलची, जमिनीलगत. लुसिल चाकामागे बसली होती, बॅग मागच्या सीटवर होती. गोर्स्की हिरवळीवर उभा राहून बुटांकडे बघत होता.

"हे काय?"

"मी घेतली. बर्निसकडे चाललेय."

"किती दिलेस?"

"त्याने सांगितले तेवढे."

"घासाघीस?"

"नाही केली."

"अगं, एल्मर वाढवूनच सांगतो! कमी करायची तयारी ठेवूनच सांगतो!"

"मी म्हणालो तिला," गोर्स्की पुटपुटला. "एकदा तरी नाही म्हण, लुसिल. ऐकेचना."

"परवापर्यंत थांब," कॅझने दाराची कड धरली. "परवा सगळं गडगडतंय. मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," लुसिल म्हणाली. "हात काढ, कॅझ. चिमटेल."

ऑक्टोबरात कंपनीने किंमत उतरवली. बरोब्बर साडेसात हजार. ट्रिशाने स्वतः फोन केला, इमानाने. कॅझ शोरूमला पोचला तेव्हा काचेपलीकडे गाड्या ओळीने उभ्या होत्या, धुतलेल्या, गिऱ्हाइकाची वाट बघत. कॅझने तिथूनच अल्पीनाला फोन लावला.

"लुसिल! उतरवली! मी काय म्हणालो होतो?"

"उतरवणार म्हणाला होतास."

"अगदी तेवढेच! एक डॉलर इकडेतिकडे नाही!"

"मग घेतलीस?"

कॅझने ओळीकडे पाहिलं. त्याने गाड्या मोजल्या. मग मागच्या आवारातल्याही मोजल्या.

"इतक्या पडून आहेत गं," तो हळू आवाजात म्हणाला, ट्रिशाला ऐकू जाऊ नये म्हणून. "नाताळपर्यंत यांना धीर धरवणार नाही."

पलीकडे बर्निस काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. तेल चुरचुरल्याचा आवाज आला.

"ठेवते," लुसिल म्हणाली. "मासे टाकलेत कढईत."

कॅझने फोन खिशात ठेवला आणि तो ट्रककडे गेला. दाराला धरून त्याने पाय वर टाकला. तो पहिल्या खेपेला पोचला नाही. पायरी तशी उंचच होती.