सहा डाव्या बुटांसोबत फरीदाबाद

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘प्रवासाची आवड असणाऱ्यांना प्राधान्य.’ बी.कॉम.चा निकाल लागून महिना झाला होता आणि मला प्रवासाची आवड होती, म्हणजे मनालीची होती. कंपनी कारखान्यांना सेफ्टी शूज विकते. माझं पद ‘टेरिटरी एक्झिक्युटिव्ह’ आणि टेरिटरी फरीदाबाद. आईने पुण्याच्या मावशीला फोन करून सांगितलं की मुलीला फिरतीची नोकरी लागली. मावशीने विचारलं, विमानाने का?

नेगी सर, म्हणजे माझे साहेब, यांनी सॅम्पलची बॅग दिली. आत सहा बूट, सगळे डाव्या पायाचे. जोडी दिली तर लोक ठेवून घेतात, असा त्यांचा अनुभव.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दिल्लीत सरोजिनी नगरहून मेट्रोच्या गुलाबी लाईनने लाजपत नगर, तिथून जांभळी. पुढे शेअर ऑटो, माणशी वीस रुपये. पाहण्यासारखी स्थळं म्हणजे कारखान्यांची गेटं. पहिल्या दिवशी मी चौदा पाहिली, सगळी बाहेरून. गार्ड फार अदबशीर असतात. एकाने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तासाभराने सांगितलं की साहेब कुणालाच भेटत नाहीत. ठेल्यावरचे छोले-कुलचे मात्र उत्तम. कांदा मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी सर शिकवायला सोबत आले. ‘बूट’ म्हणायचं नाही, ‘सोल्यूशन’ म्हणायचं. मग प्रात्यक्षिक: पोलादी टोकाच्या बुटात हात घालायचा आणि गिऱ्हाइकाला वरून हातोडा मारायला सांगायचं. हात माझा, हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. बोटं शाबूत राहिली. ऑर्डर आली नाही.

तिसऱ्या दिवशी एका गेटातून चक्क आत सोडलं. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारा कारखाना. मॅनेजर घाईत होते. परदेशी गिऱ्हाइकाचं सुरक्षेचं ऑडिट चार दिवसांवर आलं होतं आणि त्यांना साठ जोड्या लगेच हव्या होत्या. पहिली ऑर्डर, तीही न मागता. मापं बघायला म्हणून ते मला आत घेऊन गेले. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या रांगेवर बहुतेक बायका होत्या. पायांत चपला.

आमच्या कॅटलॉगमध्ये सगळ्यात लहान माप सहा. मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. दोन मोजे घालायला सांग, म्हणाले.

सुनीता नावाच्या एका बाईने सहा नंबर घालून पाहिला. ती दोन पावलं चालली आणि बूट मागेच राहिला. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग तिने तो उचलून माझ्यापुढे धरला. “मॅडम, आप पहनके दिखाओ.”

माझा पाय चारचा. एका पायात तो, दुसऱ्यात माझी सँडल, अशी मी दोन प्रेसच्या मधून निघाले आणि चौथ्या पावलाला अडखळले. हात थेट मशीनकडे गेला. सुनीताने दंड धरून मला मागे ओढलं. आता कुणी हसत नव्हतं.

मी मॅनेजरना म्हटलं, पुरुषांसाठी घ्या, बायकांना हे देऊ नका, पडतील. लहान मापं दुसरीकडे शोधा. त्यांनी घड्याळ पाहिलं.

“आप बेचने आयी हो या रोकने?”

चौथ्या दिवशी सरांनी स्वतः जाऊन साठ जोड्यांची ऑर्डर आणली. ती त्यांच्या नावावर लागली. मला ‘अ‍ॅटिट्यूड’वर अर्धा तास मार्गदर्शन मिळालं. ऑडिट झकास झालं म्हणे. पुढच्या आठवड्यात मी तिथून जात होते तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि बायका पूर्वीसारख्याच चपलांत कामावरून बाहेर येत होत्या. सुनीता ‘एक मिनट’ म्हणून आत गेली आणि खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन आली. त्यावर पेन्सिलने अकरा पावलं काढलेली, प्रत्येकात नाव. तिची विनंती एवढीच की कंपनीला दाखवा.

सरांना दाखवला. ते म्हणाले, लेडीजमध्ये डिमांड नाहीये.

घरी बाबांचं म्हणणं, सरकारी परीक्षेचा फॉर्म भर. भरेनही. तूर्तास सोमवारी जातेय. आईला तो पुठ्ठा रद्दीत द्यायचा होता, मी दिला नाही. रविवारी फूटपट्टी घेऊन बसले आणि अकराही पावलं मोजली. सगळ्यात मोठं पाचचं निघालं.