तेजोमेघाची शेवटची प्लेट

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... तरी हे एकदा सांगून टाकते.

साठच्या दशकाची सुरुवात. पनवेलला आमच्या शेजारी सॅमसनकाका राहायचे – बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू; नोकरी ड्राफ्ट्समनची, वेड आकाशाचं. जहाजाच्या खिडकीची जाड काच दोन वर्षं घासून त्यांनी दुर्बिणीचा आरसा केला होता. मी तेव्हा कॉलेजात, त्यांची एकुलती एक चेली!

मी सांगते आहे त्या आठवड्यात ते सहकुटुंब कायमचे इस्राएलला निघणार होते. जाण्याआधी एकच हौस – मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो, आपल्या गच्चीवरून. फोटोची काचेची प्लेट एकच उरली होती.

जानेवारी, संध्याकाळचे आठ. काकू मुलांना घेऊन नातलगांकडे निरोपाला गेलेल्या. प्लेट वीस मिनिटं उघडी ठेवायची. तेवढ्यात आकाश सरकतं, म्हणून दुर्बिणीचा स्क्रू हाताने हळूहळू फिरवत एक तारा भिंगातल्या फुलीवर धरून ठेवायचा. हात थांबला की फोटोत ताऱ्यांच्या रेघोट्या. स्क्रूवर मी होते.

पाचेक मिनिटं झाली नि खालून समोरच्या हिराबाईची हाक आली, "अगो, धाव! तुजी आय पडली गो!"

मी स्क्रू सोडून पळाले. मागोमाग काका. आई विहिरीपाशी पडलेली, कपाळाला खोक. काकांनी तिला उचलून आमच्या ओट्यावर आणलं, जखम बांधली. तिने डोळे उघडले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात हिराबाई गच्चीकडे बघत म्हणाली, "काका, तुमी हितं... मंग वर कोन बसलाय?"

"दुर्बीण दिसली असेल तुला."

"नाय काका. मानूस हाय. वाकून बसलाय."

मला तरी अंधारात काही दिसलं नाही. गच्चीचा जिना काकांच्या घरातून, आणि घरात कुणीच नव्हतं. आम्ही वर गेलो. गच्ची रिकामी! मी स्क्रू सोडून पंधरा मिनिटं तरी झाली होती. "गेली प्लेट," म्हणत काकांनी सवयीने भिंगाला डोळा लावला... आणि तसेच थांबले.

"ये. बघ."

तारा फुलीवर होता. बरोब्बर मध्यावर. खरं तर तो केव्हाच भिंगाबाहेर जायला हवा होता.

न्हाणीघरात लाल दिव्याखाली प्लेट धुतली. पंख पसरल्यासारखा तेजोमेघ, आणि भोवती ताऱ्यांचे गोल ठिपके. एकही रेघ नाही.

निघायच्या दिवशी काकांनी ती प्लेट माझ्या हातात ठेवली.

"अहो काका, तुमचा फोटो..."

"माझा कुठला? मी तर खाली होतो. ज्याने काढला, त्याच्या गावात राहू दे."

काही वर्षं त्यांची पत्रं आली, मग थांबली. दुर्बीण आपल्याच वजनाने सरकली असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं – पण नेमकी आकाशाच्या गतीने? एवढं मात्र खरं, की भीती तेव्हाही वाटली नव्हती. आम्ही आईकडे धावलो, आणि आमचं अर्धं राहिलेलं काम कुणीतरी हातात घेतलं... इतकंच वाटलं होतं.