बारशाच्या पेट्या आणि माझं नाक

चिपळूणहून चार पेट्या परत आल्या तेव्हा मी काउंटरवर एका बाईंना पपई निवडून देत होतो. गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर सगळ्यांसमोर म्हणाला, "बारशाच्या पूजेला आंबे काढले आणि घरभर सुक्या बोंबलाचा वास सुटला."

रत्नागिरीतल्या एका मोठ्या फळांच्या दुकानात मी खरेदी बघतो. आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे मी ठरवतो. हापूस निवडताना तीन गोष्टी बघायच्या. देठाजवळचे खांदे भरलेले हवेत. फळ हाताला जड लागलं पाहिजे. आणि तयार, म्हणजे खायला झालेल्या आंब्याचा देठाशी गोड वास यायला हवा. अंगठ्याने दाबून बघू नये. तुम्ही दाबता आणि पुढच्या माणसाच्या नशिबी काळा डाग येतो.

मालकांनी पेटीतला मूठभर पेंढा माझ्या नाकापुढे धरला.

"घ्या वास, सुर्वे."

"हलकासा येतोय खरा," मी म्हणालो.

"हलकासा? डोकं उठलंय माझं!"

मला काहीच वास येत नव्हता. पावसाळ्यात मोठा ताप आला, त्यात माझं नाक गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत. ते आलं नाही. घरी बायकोला माहीत होतं, कारण आमटी करपली तरी मी ढिम्म. दुकानात मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? रोज देठाला नाक लावायचो, डोळे मिटायचो आणि रंग, वजन बघून "फर्स्ट क्लास" म्हणायचो. बाजूलाच मासळी बाजार, त्यामुळे पेट्या उतरवताना इतर कुणालाही वेगळं काही जाणवलं नव्हतं.

माल सुलभावहिनींचा होता. खाडीपलीकडे त्यांची बाग आहे, नवरा मुंबईला नोकरीला. मजूर बघण्यापासून टेम्पो ठरवण्यापर्यंत सगळं त्या एकट्या करतात आणि जवळजवळ सगळा तयार आंबा आमच्याकडेच देतात.

मालकांनी त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वहिनी, आजपासून तुमचा माल बंद. हे असं चालायचं नाय."

"भर सीझनात? आता हा तयार माल मी कुठं नेऊ ओ?" त्या म्हणाल्या. "नेहमीचा टेम्पो बंद पडला, मासळीचा मिळाला. दोनदा धुवून घेतला मी." मग थांबून म्हणाल्या, "भाऊंनी बघून घेतला होता ना?"

एवढंच बोलल्या. खरं तर हा माल आला त्या दिवशी सकाळी त्यांनी मला मुद्दाम फोन केला होता. म्हणाल्या होत्या, "भाऊ, टेम्पो मासळीचा आहे. नीट वास घ्या आणि जरा जरी आला तरी माल परत पाठवा, मी रागावणार नाय." ते त्यांनी मालकांना सांगितलं नाही. मला इतकी लाज वाटली की हातातली पपई मी तशीच ठेवून दिली.

"त्यांनी मला आधी सांगितलं होतं," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मला वास येत नाही. आठ महिने झाले."



"आठ महिने? आणि माल कसा घेत होता?" मालकांनी विचारलं.

"डोळ्यांनी आणि हातांनी."

मालक खूप बोलले. बोलायलाच हवं होतं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "शेठ, माझा माल बंद करू नका आणि भाऊंनाही काढू नका. पुढच्या खेपेला मी स्वतः येते."

चिपळूणला दुसऱ्या पेट्या गेल्या, सोबत माझी माफीही. वहिनींचा माल चालू राहिला. आता प्रत्येक लॉट दोघांनी, म्हणजे मी आणि वास येणाऱ्या आणखी कुणीतरी, पास करायचा असा नियम आहे. त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला वहिनी खरंच आल्या. पेटीपेटीत वाकून मला सांगत होत्या, "हा गोड येतोय, भाऊ. हा अजून हिरवट, उद्या काढा. ह्याला आंबूस वास आहे, बाजूला ठेवा." मी खडूने खुणा करत होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पेंढ्याच्या धुळीवर ढकललं.

गिऱ्हाइकं अजून म्हणतात, "तुम्हीच निवडून द्या." मी खांदे बघतो, वजन बघतो, मग आंबा त्यांच्या हातात देऊन सांगतो, "वास तुम्ही घ्या. मला येत नाही."

अजून तरी एकही गिऱ्हाईक त्यामुळे परत गेलेलं नाही. आठ महिने मी उगाचच नाटक करत होतो.