बोंडल्याचं चित्र

आज ज्याला जनसंपर्क म्हणतात, त्याला आमच्या ठाण्याच्या घरात 'सरोजचं फिरणं' म्हणत. सरोजवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. सासरे हरिहरपंत वैद्य. बायकांना मुळ्या उगाळायची कटकट नको म्हणून त्यांनी बाळघुटी बाटलीत भरून विकायला काढली होती. औषध चोख, पण मामंजींचं तोंड कडू. गिऱ्हाइकानं साधा भाव विचारला, तरी त्याची अक्कल काढायचे. शेवटी बावन्न साली नाइलाजानं त्यांनी बोलण्याचं काम सुनेकडे दिलं.

वहिनी कळवा, बाळकुम, पार आंबिवलीपर्यंत हिंडल्या. बारशाला गेल्या, मयतालाही गेल्या. "गावातल्या बायकांना वाचता येत नाही, पण चित्र तर दिसतं ना?" असं म्हणून त्यांनी भिंतीवर लावायला एक चित्र छापून घेतलं. गुटगुटीत बाळ, आईचा हात आणि हातात काठोकाठ भरलेलं बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायचं चोचीचं भांडं. मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेला शाबासकी दिली. ती दुर्मीळ घटना मी स्वतः पाहिली आहे.

बाळकुमच्या सगुणाबाईंनी तर ते चित्र देवाच्या फोटोशेजारी चिकटवलं. घरची शेती, मिठागरावरही काम. जिभेला हाड नाही, पण वहिनींवर जीव. त्यांच्या शब्दावर अर्धं गाव आमची बाटली घेई.

आणि एका सकाळी बाळकुमहून निरोप आला की घुटी पाजल्यापासून सगुणाबाईंचा नातू उठतच नाही.

मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला. तरी आवाज चढाच. "आपल्या औषधात दोष नाही, एवढंच सांगायचं. डॉक्टरबिक्टर आणायचा नाही, बोभाटा होईल. आणि तुझं पोर घेऊन जा. घुटीवर वाढलेलं पोर लोकांना दिसू दे."

वहिनींचा उत्तम तेव्हा पाच महिन्यांचा. त्याला घेऊन आम्ही दोघी टांग्यात बसलो.

सगुणाबाईंच्या अंगणात बायका जमल्या होत्या. पोर सगुणाबाईंच्या मांडीवर, मान कलंडलेली. श्वास चालू होता, पण हलवलं तरी डोळा उघडत नव्हता. वहिनींनी विचारलं, "किती पाजलंत?"

"तुजे चितरात हाय तवरा," सगुणाबाई म्हणाल्या.

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. मग मलाही कळलं. बाटलीवर लिहिलं होतं, आईच्या दुधातून पाच थेंब. बोंडल्यात असतं ते दूध, थेंब त्यात मिसळायचे. आमच्या घरात हे सांगावंच लागत नसे, म्हणून चित्रातही कुणी सांगितलं नव्हतं. इथे पोराला बोंडलंभर निव्वळ घुटी पाजली होती. आणि घुटीत गुंगी आणणारं जायफळ होतं.

सगुणाबाईंनी त्याच बाटलीतून बोंडलं भरलं आणि वहिनींपुढे धरलं. "चांगला हाय ना तुजा औषध? मंग पयला तुजे पोराला पाज. सगल्यांचे म्होरं."

वहिनींनी बोंडलं हातात घेतलं. उत्तम ते पकडायला झेपावत होता, हसत होता मेला. आता या घराण्याच्या नावासाठी दोन घोट पाजतात की काय, असं मला क्षणभर वाटलं. तेव्हा मी त्यांच्या हाताला झोंबले असते की गप्प उभी राहिले असते, देव जाणे.

"नाही पाजणार," त्या म्हणाल्या.

"इख हाय ना त्यात? बोल ना!"

"विष नाही, सगुणाबाई. पण एवढं द्यायचं नसतं. पाच थेंबच. चित्र चुकीचं आहे आणि ते मीच छापून घेतलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेमा, टांगा घेऊन जा आणि डॉक्टरांना आण. कारण विचारलं तर आपल्या दुकानाचं नाव सांग."

मी डॉक्टरांना घेऊन आले, तेव्हा वहिनी अंगणातच बसलेल्या होत्या. त्यांना कुणी पाणीही विचारलं नव्हतं. उत्तम भुकेनं रडत होता आणि सगुणाबाईंच्या मांडीवर निपचित पडलेल्या पोरासमोर त्याला पाजायची त्यांना लाज वाटत होती. दिवेलागणीला सगुणाबाईंच्या नातवानं डोळे उघडले, किरकिरला. तेव्हा कुठे वहिनींनी उत्तमला पदराखाली घेतलं.

घरी मामंजींनी एकच विचारलं, "नाव राखलंस?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. मामंजी कित्येक महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. दुकान जवळजवळ बसलं. वहिनींचं फिरणं मात्र सुरूच राहिलं, आता हातात पाण्याचा तांब्या आणि उलथनं घेऊन. घरोघरीच्या भिंतींवरची चित्रं त्यांनी स्वतः खरवडून काढली. कुठे शिव्या मिळाल्या, एका ठिकाणी अंगावर कुत्रं सोडलं.

पुढे दुकान सावरलं, जाहिराती पुन्हा निघाल्या. पण छापण्याआधी प्रत्येक चित्र घेऊन वहिनी बाळकुमला जात. सगुणाबाईंपुढे ते ठेवून विचारत, "हे बघून तुम्ही पोराला किती पाजाल?" हे मी दरवर्षी पाहिलं आहे.

सगुणाबाई चित्र निरखायच्या, सावकाश, मुद्दाम. मग नातवाला हाक मारून जवळ बसवायच्या, आणि त्यानंतरच उत्तर द्यायच्या.